बिनबहिणीचा मुराळी

अख्ख्या सातारा-सांगली मुलखात सगळ्यांत जास्त बहिणी कुणाला असतील तर त्या आमच्या मामांना, हे मी कुठल्याही देवळात उभा राहून सांगायला तयार आहे. गंमत अशी की त्यांना सख्खी बहीण एकही नव्हती. चुलत नव्हती, मावसही नव्हती. खरं सांगायचं तर ते माझे मामासुद्धा नव्हते. उंब्रजपासून दोन कोसांवर माझ्या आईचं माहेर, तिथले ते. आणि आईच्या गावचं कुत्रंही आपला मामाच असतं, या न्यायाने ते मामा. पंचवीस वर्षं पल्टनीत खेचरं सांभाळून ते पेन्शनीत निघाले आणि गावी येऊन पहिल्याच श्रावणात त्यांनी पारावर जाहीर करून टाकलं, "ज्या म्हातारीचा भाऊ मेलाय, तिचा मुराळी आजपासनं मी."

नागपंचमीला सासरच्या लेकींना माहेरी न्यायला जो भाऊ येतो, तो मुराळी. लेकीचं नवी नवरी म्हणून कौतुक असतं तोवर मुराळी धावत येतो. मग लेकी म्हाताऱ्या होतात, भाऊ जातात, भाच्यांना ऊस सोडून दुसरं काही सुचत नाही, आणि एका वर्षी मुराळी येत नाही तो नाहीच. त्याची तक्रार कुणी करत नाही. म्हाताऱ्या बाईला माहेर कसलं आलंय, असं ती बाईच म्हणते. मामांना नेमकं हेच पटत नसे. त्यांचं सगळं तत्त्वज्ञान खेचरांकडून आलेलं होतं. "ह्ये बघ गड्या," ते मला सांगत, "खेचर भार उचलून मरत न्हाई. भार काढून एका जागी बांधलं की मरतं. मानसाचं तेच हाय. म्हातारी कोपऱ्यात बसली की बसलीच. तिला हालती ठिवायची." बायकांची तुलना खेचरांशी करू नये, असं मी एकदा नम्रपणे सुचवलं. मामा गंभीर होऊन म्हणाले, "व्हय, खेचरं लय गुणी असत्यात."

त्यांचा मुराळीपणा पल्टनीच्या शिस्तीत चाले. अंगात खाकी कोट आणि डोक्याला गुलाबी फेटा. हा फेटा फक्त याच कामाचा; एरवी तो वर्षभर मामींच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीने पडून असे. बरोबर एक सायकल. मामांना सायकल चालवता येत नव्हती. ती ते एसटीच्या टपावर चढवत, स्टँडवर उतरवून घेत आणि हातात धरून दारापर्यंत चालत जात, कारण येताना तिच्यावर बहिणीचं बोचकं ठेवायचं असे. कंडक्टर वैतागे. मामा त्याला विचारत, "तुला भैन हाय का रं?" तो हो म्हणाला की संपलंच, उंब्रज येईपर्यंत त्याला त्या बहिणीची सगळी हकिगत सांगावी लागे.

दारात पोचले की ते तीनदा खाकरत. मग आत जाऊन पाण्यालाही न शिवता घरातल्या सुनेपुढे हात जोडून उभे राहत. पूर्वी सुनेला माहेरी धाडायची परवानगी सासूकडे मागत. आता सासूसाठी सुनेकडे मागायची. वीस-बावीस वर्षांची ती पोर लाजून अर्धी होई, आणि साठीचा गुलाबी फेटा तिच्यापुढे वाकून म्हणे, "सूनबाई, आमच्या भैनीला चार दिस धाडा. पंचमी झाली की आणून घालतो, शबूद हाय माजा." आतल्या खोलीत पदराआडून ऐकणाऱ्या म्हातारीचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा असे. मी तो नंतर बघितला, म्हणून सांगतो.

या सगळ्याचा खरा भार पडे तो मामींवर. पुरणाची दिंडं उकडायची, लाह्या भाजायच्या, मेंदी वाटायची, आणि रात्री सोप्यात अंथरुणं घालायची ती दहा-बारा म्हाताऱ्यांची. त्यातल्या निम्म्या घोरत आणि उरलेल्या निम्म्या घोरण्यावरून भांडत. मामी चुलीपुढे बसून ऐकवत, "माज्या बानं घर बघितलं तवा म्हनला, नणंद न्हाई, पोरगी सुखात ऱ्हाईल. आता या की म्हनावं बघायला! म्हातारपनी बारा नणंदा घरात आनल्या ह्या बाबानं." असं म्हणत म्हणत त्या बारातल्या प्रत्येकीला कुठलं पीठ पचतं आणि कुणाच्या चहात गूळ टाकायचा, हे त्यांना न विचारता माहीत असे.

पंचमीच्या आदल्या दिवशी, चवथीला, बहिणी भावासाठी उपास करतात. ह्या सगळ्याजणी मामांच्या नावाने करायला लागल्या. मामांना त्याचा केवढा अभिमान! "कलेक्टरसाठी कोन उपाशी बसतं का? माज्यासाठी बारा घरच्या बाया बसत्यात," असं पारावर सांगून ते घरी येत आणि दुप्पट जेवत. मामींनी डोळे वटारले की म्हणत, "त्या उपाशी, मग त्यांच्या वाटचं कुणी खायाचं?"

एका वर्षी तर त्यांनी चुकून भलतीच म्हातारी आणली. कवठे महांकाळकडच्या एका खेड्यात मामांच्या गावची एक लेक दिलेली होती. पत्ता मिळाला तो असा : देवळापासून तिसरं घर. मामांनी देवळाच्या उलट्या बाजूने घरं मोजली. तिसऱ्या घराच्या दारात खाकरले, तर घरात एकटी म्हातारी. मेंढरांमागे आयुष्य काढलेली, उन्हाने रापून काळी पडलेली. मामा म्हणाले, "आक्का, मुराळी आलोय. बोचकं बांधा." म्हातारीने त्यांच्याकडे बघितलं, फेट्याकडे बघितलं, उठून बोचकं बांधलं, शेजारणीला निरोप ठेवला आणि निघाली. गावात उतरल्यावर सगळ्या म्हाताऱ्या गोळा झाल्या आणि एकमेकींकडे बघायला लागल्या. ही कुणाची? हिचं माहेर तर पार जतकडचं. मामींनी कपाळाला हात लावला. "आवं बाई, पर तुमी आलासाच कशा?" त्यावर ती म्हातारी अगदी शांतपणे म्हणाली, "तीस वर्सांनी दारात मुराळी आला. कुनाचा, म्हनून कशाला इचारू?"

कुणाला हसावं ते कळेना. मामाच म्हणाले, "आनलीय तर आता आपलीच." दुसऱ्या दिवशी तिचे दोन धिप्पाड पोरगे काठ्या घेऊन आले. बघतात तर आई चिंचेला बांधलेल्या झोक्यावर उभी राहून झोके घेतीय आणि आणखी वर चढवा म्हणून बायकांवर ओरडतीय. पोरगे काठ्या टेकून बघतच राहिले. मग मामींच्या हातची दिंडं खाऊन गेले. ती म्हातारी पुढे दर वर्षी येऊ लागली, आणि जिला आणायचं राहिलं होतं, तीही.

आता माझ्या आईचं सांगतो. इथवर मी हसत सांगितलं, कारण इथवर गोष्ट दुसऱ्यांच्या आयांची होती.

मी तेव्हा सांगलीत शाळामास्तर होतो. खणभागात दोन खोल्या होत्या. मोठा दुष्काळ सरला त्या वर्षी वडील गेले आणि मागोमाग आईचा एकुलता भाऊ, माझे खरे मामा. आई आमच्याकडे आली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. रडत नसे, रुसत नसे. जेव म्हटलं की जेवे. डॉक्टरांनी टॉनिक दिलं, ते ती विनातक्रार पीत असे. आणि जी बाई आयुष्यभर प्रत्येक औषधाला नावं ठेवत आली, तिने ते मुकाट प्यावं याचीच मला धास्ती वाटे. महिनामहिना तिच्या तोंडून "बरं" याखेरीज शब्द निघत नव्हता. माझी बायको रात्री हळूच म्हणे, "आई आपल्यातून चालल्यात हो." मला ते कळत होतं आणि काय करावं ते कळत नव्हतं.

श्रावणात एका सकाळी दारात कुणीतरी तीनदा खाकरलं.

मामांनी माझ्या बायकोपुढे हात जोडले, रीतसर. ती बिचारी गडबडून गेली आणि तिने लगेच हो म्हटलं. पण आई हलेना. भिंतीकडे बघतच म्हणाली, "कुणाकडं येऊ, दादा? भाऊ गेला. घराला कुलूप हाय. काय ऱ्हायलंय तिथं?"

"झोका हाय की," मामा म्हणाले.

 मामांनी कोट काढून खुंटीला अडकवला आणि उंबऱ्यात मांडी घातली. "मुराळी मोकळा माघारी जात न्हाई." ते दोन दिवस राहिले. तेवढ्यात त्यांनी वाड्यातल्या तीन म्हाताऱ्यांची माहेरं विचारून घेतली, नळावरचं एक जुनं भांडण मिटवलं आणि दुसरं नवं सुरू करून दिलं. आई तशीच. तिसऱ्या दिवशी सकाळी मामा उठले, म्हणाले, "तू नगं येऊस. लुगडी तरी झोका खातील," आणि आईची ट्रंक उघडून बोचकं बांधायला बसले. पल्टनीत घोंगड्या बांधतात तशी त्यांनी लुगड्याची वळकटी केली, वर गुडघा देऊन दाबली. आई बघत होती. दुसरं लुगडं घेतलं. ते तिच्या लग्नातलं, हिरवं. त्यावर गुडघा टेकणार, एवढ्यात आई ताडकन उठली. "आवं आवं, जरीचा काठ मोडंल! आना हिकडं. काय म्हनावं या बाप्याला!"

किती महिन्यांनी तिचा तो आवाज ऐकला. बायको पदर तोंडाला लावून आत पळाली. मीही उगाच खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

पंचमी होऊन चार दिवस गेले तरी आई येईना, म्हणून मी आणायला गेलो. चिंचेखाली फेर धरलेला होता. गाऊन गाऊन आईचा आवाज पार बसला होता, हातांवर मेंदी होती, आणि त्या कवठे महांकाळच्या म्हातारीबरोबर तिची फुगडी चालली होती. मला बघितल्यावर थांबली आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "एवढ्यात कशाला आलास रं?" सांगलीला परत आल्यावर पहिल्याच दिवशी ती आमटीत मीठ जास्त झालं म्हणून सुनेशी भांडली. बायको मला म्हणाली, "आई बऱ्या झाल्या." आणि खरंच, त्यानंतर आई नऊ वर्षं जगली, आणि नऊही वर्षं आमटीला नावं ठेवत राहिली.

पुढे पाच-सहा वर्षांनी मामी गेल्या. मामा पाय घसरून पडले, आणि शिरवळला नोकरीला असलेला मुलगा त्यांना तिकडे घेऊन गेला. मुलगा चांगला, सूनही चांगली. पुढच्या श्रावणात आई मला म्हणाली, "तू जा. रीतीनं जायाचं."

मी गेलो. दारात तीनदा खाकरलो आणि त्यांच्या सुनेपुढे हात जोडले. तिला हसू आलं आणि मग एकदम डोळ्यांत पाणी आलं. "न्या हो," ती म्हणाली, "दोन महिनं झालं, बोलत न्हाईत." मामा आत होते, भिंतीकडे तोंड करून. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती गेली रं. आता काय ऱ्हायलंय तिथं?"

"झोका आहे की," असं म्हणायचं मी एसटीत घोकून आलो होतो. आयत्या वेळी पाऊसपाण्याचंच बोलत बसलो. म्हणून रात्री तिथेच राहिलो, सकाळी त्यांची ट्रंक उघडली आणि खाकी कोटाचा बोळा करून पिशवीत कोंबला. मागून आवाज आला, "मास्तर हाईस का हमाल? सरकारी कापड हाय ते!" आणि मामा भिंतीला धरून उठले.

त्या दिवशी चवथ होती. कराडच्या गाडीत मी त्यांच्यापुढे केळी धरली. दुप्पट जेवणारा माणूस. त्यांनी ती हाताने बाजूला सारली. "नगं. आज भैनी उपाशी हाईत माज्या." जरा वेळाने खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ती व्हती तवा खाल्लं. तीच वाढायची. मला म्हनायची, तुमी पोटभर खाल्लं तरच त्यांचा उपास देवाला पोचतो." फाट्यावर नऊ म्हाताऱ्या उभ्या होत्या. त्यांनी मामांना मध्ये घेतलं. दुसऱ्या दिवशी, सगळं गाव बघत असताना, त्यांना झोक्यावर बसवून हलके हलके झोके दिले. सत्तरीपारचा तो माणूस दोऱ्या घट्ट धरून ओरडत होता, "हळू गं बायांनू, पडंन मी!" आणि हसत होता.

त्याच हिवाळ्यात ते गेले. फेटा त्यांच्या सुनेने माझ्याकडे धाडून दिला. मी तो ट्रंकेत ठेवला आणि संपलं असं समजलो. पुढच्या श्रावणात कवठे महांकाळकडून एक कार्ड आलं. त्या धिप्पाड पोरांपैकी थोरल्याचं होतं. अक्षर वाकडंतिकडं : "आई बोचकं बांधून तीन दिवस झाले बसली आहे. मामा वारले, सांगितले. तर म्हणते, ते ठाऊक आहे, पण मुराळी कधी येतो, विचार."

मलाही सख्खी बहीण नाही. शाळेत रजेचा अर्ज टाकला. देवळापासून घरं मोजताना मी मुद्दाम उलट्या बाजूने मोजली, तिसऱ्या घरापाशी थांबलो, फेटा नीट केला आणि तीनदा खाकरलो.