धोंड्याचं ताट

सोमेश्वरला स्वस्थ बसता यायचं नाही. गोरेगावात जीपा उभ्या राहतात तिथेच त्याचं मोटारदुरुस्तीचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी लोक आणून टाकत. तो एक उघडायचा, मध्येच दुसरीकडे लक्ष जायचं, मग ती उघडायचा. संध्याकाळी सगळ्याच उघड्या पडलेल्या. तांब्याची तार भरायला घेतली की मात्र शेजारून हाक मारली तरी त्याला ऐकू जायची नाही.

शटर ओढलं तरी डोकं बंद व्हायचं नाही. बाकीची माणसं पारावर जाऊन टेकत, तंबाखू मळता मळता सैल होत. हा टेकला की कॉलर टोचायला लागायची. कोणाचा खोकला, लांबच्या नळाची टिपटिप, सगळं एकदम कानात शिरायचं. मग उठून घरी, घरून परत दुकानाकडे. तो थकून जायचा, पण तो थकवा उतरायला जागाच सापडायची नाही. आई म्हणायची, पायाला भिंगरी आहे. हिंगोलीच्या डॉक्टरने झोपेच्या गोळ्या दिल्या, तर तो दिवसा पेंगायचा आणि रात्री टक्क जागा. याला काही नाव असेल, हे तेव्हा कोणाच्या मनातही आलं नाही.

साधनाशी लग्न झालं शहाण्णव साली, आणि त्याच वर्षी अधिक महिना आला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा मान. पुसेगावच्या सासऱ्यांनी, ग्यानबांनी, दोघांना बोलावणं धाडलं. जावयाने नवे कपडे घालायचे, गादीवर बसायचं, पुरणाचे धोंडे खायचे आणि आराम करायचा. तिथे जावयाला कोणी इकडची काडी तिकडे करू देत नाही. कडक नवा शर्ट, खोलीभर माणसं, कोपऱ्यात टेप लावलेला. ताट वाढलं, साधनाने समई लावली, आणि सोमेश्वर "आलोच" म्हणून उठला तो थेट जीपमध्ये बसून गोरेगावला आला.

भरल्या ताटावरून जावई उठला, ही गोष्ट पुसेगाव विसरलं नाही. त्यानंतरचे धोंडे आले तसे गेले. साधना एकटीच माहेरी जाई. दरवेळी कोणीतरी विचारी, "पाव्हणं कुठं हायेत? पळाले का?" ती हसून वेळ मारून नेई. हळूहळू तिचं जाणंही कमी झालं.

दोन हजार सातच्या ऐन उन्हाळ्यात धोंडा आला, तेव्हा तिचा भाऊ उत्तम दुकानात येऊन उभा राहिला. "बाबा थकलेत. जावयाला जेवू घालायचं, हेच एक धरून बसलेत. पण दाजी, ह्या खेपेला ताटावरून उठलात, तर मंग ताईनं बी आमच्या दारात येऊ नाही."

सोमेश्वर मान हलवून "व्हय" म्हणाला. मग त्याने बसायचा सराव सुरू केला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की खुर्ची भिंतीकडे करून तो हात मांडीवर ठेवून बसायचा. शेजारचा पानवाला विचारी, "कोणाची वाट पाहून राहिले?"

जीपमध्ये साधना एवढंच म्हणाली, "एक दुपार. बस्स."

पुसेगावात लाइट गेलेली होती. सासूबाईंनी, नर्मदाबाईंनी, त्याचे पाय धुतले. नवा शर्ट तसाच कडक, घडीची एक टाचणी पाठीत राहिलेली. साधनाची आत्या पदराने वारा घेत म्हणाली, "जावईबापू, ह्या टायमाला बांधायला दोरी आणू का?" सगळे हसले. तोही हसला. तेलाचा वास, हसणं, लेकरांचं रडणं, पाठीतली टाचणी. तो मांडी घट्ट धरून बसला. ताट आलं. ग्यानबा भिंतीला टेकून त्याच्याकडेच बघत होते.

सोमेश्वर उठला.

स्वयंपाकघरात साधनाच्या हातातली पळी थांबली. तो कुठल्या दाराने गेला हे न बघताच उत्तमने चपला घातल्या आणि तो तडक जीपच्या थांब्याकडे पळाला.

नर्मदाबाई तुपाचा डबा आणायला म्हणून आतल्या अंधाऱ्या खोलीत गेल्या. डोळ्यांतलं पाणी कोणाला दिसू नये, हेही त्यात होतं. तिथे लग्नकार्याच्या गोधड्यांची चळत असे. ती चळत आडवी पसरलेली होती, आणि हळूहळू वरखाली होत होती.

"अगं बाई! साधना, इकडं ये!"

साधना आली. तिने एक कोपरा उचलून पाहिला, परत टाकला आणि भिंतीला टेकली.

"घरी बी असंच करतेत. वजन लागतं अंगावर. मंग जरा निवांत होतेत."

"उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात बी."

"मंग इतके साल सांगितलं काहून न्हाईस?"

"काय सांगू, आई? माझा नवरा मे महिन्यात गोधड्याखाली निजतो, असं सांगू? लोकं त्याहून जास्त हसले असते."

गोधड्यांखाली सोमेश्वरला सगळं ऐकू येत होतं, पण लांबून, विहिरीच्या तळाशी असल्यासारखं. घामाने तो भिजला होता. हात मात्र आपोआप उघडले होते.

नर्मदाबाईंनी फळीवरची एक जुनी गोधडी ओढली आणि त्याच्या अंगावर टाकली. "ही घे बाबा. माझ्या सासूच्या लुगड्याची हाय. लय जड."

बाहेर येऊन त्यांनी ताटावर ताट झाकलं. "जावई निजलेत."

"जेवायच्या आधीच?" आत्या म्हणाली.

"तुमचे जावई जेवून निजतेत, आमचे निजून जेवतील. तुमाला काही तकलीफ?"

ग्यानबांच्या तोंडून पहिल्यांदा हसू फुटलं. "झाकून ठेव बराबर," ते म्हणाले, "माश्या बसतील."

सावल्या लांबल्यावर सोमेश्वर बाहेर आला. शर्ट चुरगळलेला, टाचणी हातात. झोप लागली नव्हतीच. धोंडे गार झाले होते. सासऱ्यांच्या समोर बसून त्याने ते खाल्ले. पाय हलत होता, पण तो उठला नाही. तेवढ्यात घामाघूम उत्तम परत आला आणि दारातच उभा राहिला. "आन मी प्रत्येक जीपमध्ये वाकून पाहून आलो की!"

निघताना आहेराबरोबर जुनी गोधडीही गाठोड्यात बांधलेली होती. जीपमध्ये माणसं कोंबलेली, टेप मोठ्याने चालू. सोमेश्वर सकाळइतकाच दमलेला होता. उद्या उघड्या मोटारी होत्याच. शेजारी साधना बसल्या जागी झोपून गेली, तोंड अर्धवट उघडं, मान हिंदकळत. एवढ्या वर्षांत तिला अशी भरदिवसा झोपलेली त्याने पाहिली नव्हती. त्याने तिच्या मांडीवरचं गाठोडं अलगद काढून आपल्या मांडीवर घेतलं आणि तिचं डोकं खांद्यावर येऊ दिलं.

गोरेगावपर्यंत त्याने खांदा हलवला नाही. पाय मात्र हलत होता.