पुन्याले रायते

वाशीमच्या एसटी स्टँडवर बाबांनी माझ्या पेटीची दोरी तीनदा सोडली आणि तीनदा बांधली. "पेटी कोनाच्या हाती देऊ नोको," एवढंच म्हणाले. हडपसरच्या कारखान्यात नोकरी लागली होती आणि मला भीती वाटत होती. ती अजून पुरती गेलेली नाही.

तुम्ही गावाकडचे विचारता, तू तिथे करते तरी काय? आमचे पंपाचे सुटे भाग कोरियाला जातात. भरलेल्या कंटेनरला सील मी लावते. आपल्या कस्टम्सनी कारखाना भरवशाचा ठरवला, की तिकडचं कस्टम्सही तो शब्द मानतं आणि आमचे कंटेनर सहसा न उघडता सोडतं. पण त्याआधी सील हाताळणाऱ्या प्रत्येकाची चौकशी होते.

नोकरीला चार वर्षं झाल्यावर माझी चौकशी निघाली, तिच्या फॉर्मवर कायमचा पत्ता म्हणून मी वाशीमचं घर लिहिलं. काही दिवसांनी साहेबांनी केबिनमध्ये अहवाल पुढे सरकवला. 'सदर व्यक्ती दिलेल्या पत्त्यावर राहत नाही.' सीलचा डबा त्यांच्या कपाटात गेला. "आठ दिवसांत राहण्याचा पुरावा आणा. नाहीतर माझ्या हातात काही नाही."

मी घाबरून बाबांना फोन लावला.

"हवालदार आलता. इचारे, पोरगी इथं रायते का? म्या सांगतलं, नाई, पुन्याले रायते. खोटं कायले बोलू?"

फोन ठेवून खूप रडले. नोकरीसाठी की त्या 'नाई'साठी, आजही सांगता येत नाही.

तेव्हा मी नारायण पेठेत भाड्यानं राहायची. तिथल्या घरमालकीणबाईंकडे दाखला मागायला गेले. पुण्यानंही नाही म्हटलं तर? त्यांनी चष्मा लावला. "चार वर्षं जिन्यातला दिवा चालू ठेवून जाताय. तुम्ही इथे राहत नाही, असं म्हणायची हिंमत कोणाची आहे?" आणि सही केली. डबा परत मिळाला.

आई गेल्यापासून बाबा माझ्या हडपसरच्या फ्लॅटवर आहेत. 'चार दिवसांसाठी आलो,' असं दोन वर्षं सांगतात. त्यांची पेटी दोरी बांधून पलंगाखाली तशीच आहे.

परवा पुन्हा चौकशी आली. दार बाबांनीच उघडलं. मी स्वयंपाकघरात, तव्यावरची पोळी करपेपर्यंत कान देऊन उभी. बाबा खोटं बोलत नाहीत, आणि इतक्या वर्षांनीही मला त्याचीच धास्ती.

"मुलगी इथेच राहते का, आजोबा?"

"हो. इथंच रायते."

मग स्वतःहून म्हणाले, "मी बी."