बाटलीतलं सल्फेट

अंदमानच्या समुद्रात तळातून कढत पाणी वर येतं. तिथून आणलेल्या नमुन्यांवर मी काम करते. आमच्या मोहिमेत नमुन्यांच्या बाटल्या सांभाळायला एक वयस्क तंत्रज्ञ होते. सगळे त्यांना काका म्हणत. ते कुडपणचे, मी तिथून जवळच्याच महाडची. जहाजावर पहिल्याच दिवशी ते खुशीत म्हणाले, "म्हणजे तुम्ही आमच्या गाववाल्याच की!" मी नुसती हसले आणि विषय बदलला. आजूबाजूला परदेशात शिकून आलेली मंडळी होती. काकांचं 'नाय' नि 'हाय' मला चिकटायला नको होतं.

एका बाटलीत सल्फेट भरपूर निघालं. तळाखालच्या तापलेल्या खडकांतून फिरून येणाऱ्या पाण्यात सल्फेट जवळपास उरतच नाही, वाटेतच खडकात बसतं, असं मी शिकले होते. म्हणजे बाटलीत साधं समुद्राचं पाणी शिरलेलं असणार. सगळ्यांसमोर मी काकांना म्हणाले, "झाकण आवळलं नव्हतं तुम्ही. नमुना वाया घालवलात."

"पाणी नाय शिरलं, मॅडम. मी दोनदा बघितलंय. आणि उघडताना तिच्यातनं फुस्सकन गॅस सुटला. सैल असती तर राहिला असता काय?"

"ते मला शिकवू नका."

नोंदवहीत मी लिहिलं : नमुना दूषित, झाकण सैल. पुढच्या मोहिमेला काका आले नाहीत. मुदतीआधीच निवृत्ती घेऊन ते गावी गेले.

दोन वर्षांनी दुसऱ्या कामासाठी मी तेच आकडे काढले. समुद्राचं पाणी शिरलं असतं, तर सल्फेटबरोबर मॅग्नेशियमही आलं असतं. ते जवळजवळ नव्हतंच. शिवाय पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा कितीतरी आम्लधर्मी होतं. तिथला मॅग्मा वायूंनी भरलेला असतो. तो वर सरकताना सल्फर डायऑक्साइड सुटतो, पाण्यात मिसळतो आणि सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. सल्फेट तिथून आलं होतं. काकांची बाटली म्हणजे त्या मोहिमेतला सगळ्यात मोलाचा नमुना होता.

मी नवा निष्कर्ष लिहिला. कौतुक झालं. झाकणाबद्दल कुणी विचारलं नाही, मीही बोलले नाही.

दिवाळीत घरी आले तेव्हा मात्र राहवेना. पोलादपूरहून जीपनं कुडपणला गेले. पडवीत काकू नाचणी पाखडत होत्या. मी कुठून आले ते सांगितल्यावर म्हणाल्या, "बस गो बाय. बोटीवरनं आल्यापासून यांचं काय बिनसलंय बघ. नळ दोनदा आवळतात, डब्यांची झाकणं दोनदा बघतात. इचारलं तर बोलत नाय."

माझी मान वर होईना. काका आले, तेव्हा सगळं सांगितलं. मॅग्मा, वायू, मॅग्नेशियम. शेवटी मी म्हणाले, "चूक माझी होती, काका. तुमचं झाकण घट्टच होतं."

त्यांनी सुपातल्या नाचणीतला एक खडा वेचून बाहेर टाकला. मग म्हणाले, "मला वाटायला लागलेलं, माझाच हात सैल झालाय म्हणून. म्हणून तर नोकरी सोडली." त्यांनी विचारलं, "हे बाकीच्यांना सांगितलंत?"

"नाही."

"बोललात तेव्हा चारचौघांत बोललात, मॅडम. आता सांगताय ते आमच्या पडवीत."

काकूंनी चहा दिला. तो पिऊन मी निघाले.

सुट्टी संपल्यावर, साप्ताहिक बैठकीत मी उभी राहिले. जहाजावरचे बहुतेकजण तिथे होते. काकांना काय बोलले होते, ते जसंच्या तसं सांगितलं. नोंदवहीतला शेरा सगळ्यांदेखत खोडला, खाली खरं कारण लिहून सही केली. कुणीतरी म्हणालं, "अगं, एवढं काय त्यात." त्याची मला जास्त लाज वाटली, कारण खरं कळल्यापासून मीही स्वतःला हेच सांगत आले होते.

त्या पानाचा फोटो काकांना पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं, "बघितला. बरं झालं." परत या, असं त्यांनी लिहिलं नव्हतं. मीही अजून गेलेले नाही.