ट्रॅकवरचा धवला

"ताई, तुम्ही गायचं नाहीये. फक्त तोंड हलवायचं. ट्रॅक तयार आहे."

गळ्यात ओळखपत्र अडकवलेली पोरगी हे बोलली तेव्हा मी स्टेजच्या मागे उभी होते. मे महिन्यातली घामट संध्याकाळ. पनवेलच्या मैदानात वारसा महोत्सव भरला होता. दारात थर्माकोलची होडी, पलीकडे तळलेल्या माशांचे स्टॉल. पत्रिकेत सगळ्यांची नावं होती. माझ्या जागी नुसतं 'धवलारीण'.

धवलारीण आहेच मी. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात हळदीला मांडवात बसून धवला गाते. आधी देवांना बोलावते, मग त्या घरातली माणसं. असलेली, गेलेली, एकेकाचं नाव घेऊन. म्हणून प्रत्येक घराचा धवला निराळा. पोटासाठी मी कामोठ्यात तांदळाच्या भाकऱ्या करून विकते, पण आमच्या सुकापूर गावात मला ओळखतात ते धवल्यामुळे. तो मला आत्यानं दिला.

लग्नाबाहेर धवला गायचा नसतो, असं आत्याचं म्हणणं. तिला पटवताना माझ्या नाकी नऊ आले. शेवटी म्हणाली, "देवांचा भाग तेवरा बोल. नवरा-नवरीच्या नावाला हात लावू नको." आणि ठेवणीतलं लुगडं नेसून स्वतः ऐकायला आली. पुढचे सोफे पाहुण्यांचे. तिला पार मागे, स्पीकरच्या कडेला, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं.

मी त्या पोरीला म्हटलं, "माझा आवाज चांगला आहे."

"आवाजाचा प्रश्न नाही हो. पण तुमचं ते जरा रडल्यासारखं वाटतं. ट्रॅकला बीट आहे."

मी तडक आयोजक शेठकडे गेले. शेठ परका नव्हे, आमच्यातलाच. बाप मिठागरात राबून मेला, हा बिल्डर झाला. मोबाईलमधून डोकं न काढता म्हणाला, "बाय, लोकांना मजा पायजे. तू नऊवारीत उभी ऱ्हा, बास झालं."

पोरीला काय माहीत असणार. पण ज्याच्या स्वतःच्या लग्नात माझी आत्या गायली, त्यानं हे बोलावं? माझ्या अंगाची लाही लाही झाली.

नाव पुकारलं. गेले. स्टुडिओतल्या कुणाचा तरी गुळगुळीत आवाज सुरू झाला, खाली धडधड. देव दोन ओळींत गुंडाळले. मी ओठ घट्ट मिटून समोर बघत राहिले. गाणं संपेपर्यंत तोंड उघडलं नाही.

कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

टाळ्या पडल्या. निवेदक म्हणाला, "काय आवाज लाभलाय ताईंना." हातात स्मृतिचिन्ह दिलं आणि दोन शब्द बोला म्हणून माईक पुढे केला.

मी म्हटलं, "हा आवाज माझा नाही. मला गाऊ दिलं नाही. आणि—"

माईक बंद. लगेच डीजेचं गाणं. मी स्मृतिचिन्ह तिथेच खाली ठेवलं आणि उतरले.

आत्या खुर्चीतून उठली होती. "त्यो आवाज तुजा नाय."

"नाय, आत्या."

"मंग गानं संपेवर उभी कशाला ऱ्हायलीस?"

मला वाटलं होतं, तोंड मिटलं म्हणजे नकार दिला. पण मिटलेल्या तोंडावरही त्यांचं गाणं बिनघोर वाजलं. आत्याचं ते बोलणं माशाच्या काट्यासारखं घशात अडकून बसलं.

मग व्हिडिओ फिरला. शेवटचं माझं बोलणं कापलेलं. भाकऱ्या न्यायला येणाऱ्या बाया म्हणतात, "काय गायलीस गो." मी गायले नाही, हे सांगून सांगून थकले. म्हणतात, "मग तो चेहरा कोणाचा?"

काल शेठचा फोन आला. त्याच्या पोरीची हळद आहे. "घरचं कार्य हाय. आमची म्हातारी ऐकत नाय. खरा धवला पायजे."

म्हणजे खरा कुठला ते याला तेव्हाही माहीत होतं.

मांडवाला धवलारीण नाही म्हणत नाही. त्याच्या पोरीनं माझं काय वाकडं केलंय? मी जाणार आहे. पण फोनवरच त्याला ऐकवलं, "माईक नको, ट्रॅक नको. मी गाईन. तुमी खाली चटईवर बसायचं, सगल्यांसंगती. मोबाईल खिशात. तुमच्या बापाचं नाव येल, त्याच्या बापाचं येल. शेवटचं नाव घेईपर्यंत कोनी उठायचं नाय."

"अगं, बडे पाहुणे असतात. मधे उठावं लागतं."

"उठा. मी पुन्ना पयल्या देवापासून धरीन."