हिरूआत्याचा पहिला घास

शेवळाची भाजी चुलीवरून उतरली की हिरूआत्या पहिला घास स्वतः खायची आणि मग बोलत सुटायची. विषय कुठलाही. शेजारणीची म्हैस, स्वतःच्या लग्नातलं मानपानाचं भांडण, जिते स्टेशनातला बंद नळ. पंगत खोळंबलेली असो की पाहुण्यांच्या गाडीची वेळ झालेली असो, तिचं बोलणं संपेपर्यंत भाजीला कोणी डाव लावायचा नाही. मनासारखं बोलून झालं की पदरानं तोंड पुसून म्हणायची, "बोलतेय ना मी अजून? मग वाढा."

हिरूआत्या ही माझ्या बायकोची आत्या. पेण-रोह्याच्या गावागावांत तिच्या हाताला मागणी होती आणि ते तिला पुरेपूर ठाऊक होतं. मी रोह्याला वडापावच्या गाडीपासून सुरुवात करून केटरिंगपर्यंत आलो. कोणाचा हात डोक्यावर नव्हता. गावठी जेवणाची ऑर्डर आली की मी आत्याला बोलवायचो. ती यायची, पण मालक मी आहे हे तिनं एक दिवसही मानलं नाही.

शेवळ म्हणजे सुरणाच्या जातीतल्या रानकंदाचं फूल. पाऊस लागायच्या आधी जमिनीतून भाल्यासारखं वर येतं. ठाकूर-कातकरी बायका जुड्या बांधून पेणच्या बाजारात आणतात. पोटाला चांगलं, भूक उघडते, मूळव्याधीवाल्यानं तर खावंच, असं आमच्याकडे सगळे सांगतात. पण नीट केलं नाही तर हेच फूल घसा धरतं. टाचण्या टोचाव्यात तसं टोचतं आणि आवाज बसतो. म्हणून वरचं आवरण सोलायचं, आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा आणि भाजीत काकडांचा रस घालायचा. काकडं ही आवळ्यासारखी दिसणारी आंबट रानफळं, शेवळाची खाज तीच मारतात.

बाजारात आमची दोघांची जुंपायची. मी जुडीचा भाव पाडायला बसलो की आत्या मला कोपरानं बाजूला सारायची. "गो बाय, याच्याशी बोलू नको. तुझा भाव राहू दे, काकडं मूठभर जास्त टाक." माझी अर्ध्या तासाची मेहनत पाण्यात. वर मलाच ऐकवायची, "जावईबापू, घासाघीस कांद्याबटाट्याशी करा. शेवळाशी केलीत तर घसा पैसे वसूल करील."

औषध म्हणून कोणी शेवळाचं कौतुक करायला लागलं की ती त्यालाही अडवायची. मूळव्याधीला हमखास गुण येतो ना, असं खांब गावच्या एका गिऱ्हाइकानं विचारलं, तेव्हा म्हणाली, "वाटीभर खा. गुण आला तर मला सांग, नाय आला तर डॉक्टरला सांग." मी हळूच म्हटलं, "व्हय म्हणायला काय जात होतं?" तर म्हणाली, "माझं काय जातंय? दुखणं त्याचं हाय."

आता त्या दिवसाचं सांगतो. तो अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

रोह्याच्या एका कंपनीत बाहेरचे पाहुणे यायचे होते. तिथल्या साहेबांनी सांगितलं, जेवण आवडलं तर वर्षभराचं काम तुमचं. शेवळाची भाजी त्यांनी मुद्दाम मागितली होती. मी वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या कोलंबीचे सोडे घातलेली शेवळं ठरवली. आत्यानं पहाटेपासून स्वतः निवडली. पाहुणे आले, हात धुऊन पानावर बसले. आत्यानं घास घेतला आणि तिच्या सासूनं ओटीतला नारळ कसा बदलला ती गोष्ट सुरू केली. मी दारात उभा. साहेब माझ्याकडे बघतायत, मी आत्याकडे बघतोय. नारळ सासूच्या हातात आला आणि आत्या थांबली.

खाकरली. पाणी प्यायली. दुसरा घास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून नारळ. या वेळी निम्म्यापर्यंतही गेली नाही.

"वाढू नका," ती म्हणाली. आवाज फाटला होता.

मी डाव हिसकावून घेतला आणि मोठा घास खाल्ला. काही नाही. अगदी काही नाही! "माझा घसा बघा, साफ आहे. चिंचेचा कोळ घाला वरून, चला."

"कोळ घातलेला हाय. काकडं पन हायत. तरी धरतंय." माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमचा घसा ओरडून ओरडून चामड्याचा झालाय, जावईबापू. त्याला काय खाजतंय!"

मागचे वाढपी हसले. मी टोपाला हात घालायला गेलो. त्याआधी तिनं दोन फडक्यांत टोप धरला, मागच्या दारानं बाहेर नेला आणि सगळी भाजी खड्ड्यात ओतली.

पाहुणे बिरड्यावर जेवून गेले. वर्षाचं काम पेणच्या दुसऱ्या केटररला मिळालं. मी तिला सगळ्यांसमोर नको ते बोललो. शेवटी म्हणालो, "कोणाला काही झालं नसतं!"

"नसतंच झालं," ती म्हणाली. "पन माझा घसा धरलाय हे मला ठावं हाय. ठावं असून वाढू?"

त्यानंतर मी तिच्याशी बोलणं टाकलं. ती मात्र दर जूनला बायकोबरोबर डबा पाठवायची आणि डब्याबरोबर निरोप: "जावयाला सांग, मी खाल्लीय. बोलतेय अजून." मी डबा संपवायचो. निरोपाला उत्तर द्यायचो नाही.

गेल्या थंडीत हिरूआत्या गेली. जून आला, डबा आला नाही. नेमकी त्याच दिवसांत शेवळांची ऑर्डर होती. बाजारातून जुड्या मीच आणल्या, निवडल्याही मीच. भाजी उतरली. पंगत बसली होती, वाढपी टोपाशी उभे होते. मी घास घेतला. आता बोलायला हवं, पण मला गोष्टी सांगता येत नाहीत.

मग मी आत्याशी भांडायला सुरुवात केली. मोठ्यानं. माझं कंपनीचं काम कसं घालवलंत, माझा घसा साफ होता, दोन घासांवर अख्खा टोप ओतायचा असतो का, सगळं. वाढपी एकमेकांकडे बघत राहिले. मी मध्ये थांबलो नाही, आणि आवाजही कुठे अडकला नाही. तिनं टोप उचलला तिथपर्यंत आलो, तोंड पुसलं आणि पोरांना म्हटलं, "वाढा."