धडधड मावशीचा वर्ग

माझी मावशी हॉटेलातल्या जॅझ बँडमध्ये ड्रम वाजवायची. लहानपणी ती डब्यांवर, टेबलावर, वेळप्रसंगी धाकट्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, पाठीवरही ठेका धरायची. घरात तिचं नाव पडलं धडधड. आजोबांना वाटलं, लग्न झालं की खूळ जाईल. लग्न झालं ते बँडमधल्या सॅक्सोफोनवाल्याशीच. आजोबांनी कपाळाला हात लावला.

कितीतरी वर्षं दोघं एकाच मंचावर होती. मग मावशीचा उजवा खांदा धरला. हात झांजेपर्यंत पोचेना. डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं, "रोजचं वाजवणं आता बंद."

मावशी कुणाशी धड बोलेना. नळ टपटपला तरी चिडायची. शेवटी तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, म्हणाले, "कोपऱ्यावरच्या शाळेला संगीताच्या बाई हव्यात. जा तरी, नाहीतर मला घर सोडावं लागेल!"

ती गेली आणि सपशेल आपटली. प्रत्येक पोराला आपला ड्रम दुसऱ्यापेक्षा मोठ्यानं बडवायचा होता. "ऐका!" असं ओरडून मावशीचा घसा बसला. शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दाराशी येऊन हात जोडून उभे राहिले.

त्या गदारोळात एक मुलगी मात्र मांडीवर काठ्या ठेवून बसलेली.

"काय गं, काठ्या शोभेच्या आहेत का?" मावशीनं विचारलं.

"नाही बाई. सगळे एकदम बोलताहेत. मला मध्ये शिरायला जागाच नाही."

मावशी खुर्चीवर बसलीच. बँडमध्ये तिनं जन्मभर हेच तर केलं होतं, दुसऱ्याला जागा करून देणं. ते शिकवावं लागतं हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ड्रम कपाटात गेले. पोरं गोल बसली. एकानं टाळी वाजवायची, बाकीच्यांनी ऐकायचं, मगच उत्तर द्यायचं. पालक कुरकुरले, "ड्रम शिकायला पाठवलं, आणि या टाळ्या कसल्या?" मुख्याध्यापिका म्हणाल्या, "जरा धीर धरा." पोरं एकमेकांचं ऐकू लागली, तेव्हाच मावशीनं कपाट उघडलं.

शाळेच्या कार्यक्रमात काका मुलांबरोबर सॅक्सोफोन वाजवायला आले. रंगात आले आणि मधेच ताल चुकले. मावशी पडद्याआड उभीच राहिली. पण ड्रमवरच्या त्या मुलीनं हात हलका केला, साधा ठेका धरून ठेवला आणि काकांकडे बघत राहिली. बाकीच्या पोरांनीही आवाज खाली आणला. काकांना सम सापडली तसा सगळा बँड पुन्हा उसळला. सभागृहाला काही कळलंसुद्धा नाही.

घरी येताना काका म्हणाले, "पोरगी तुझ्यापेक्षा बरी. ड्रमवर तू असतीस तर डोळे वटारले असतेस."

"वटारलेच होते. तू बघितलं नाहीस," मावशी म्हणाली आणि रस्त्यातच खळखळून हसली.

आता दुसऱ्या शाळांतले संगीतशिक्षकही तिच्याकडे शिकायला येतात. खांदा पुरता बरा नाही, पण डाव्या हातानं ती थोडं वाजवते. ती मुलगी आता मोठी झालीय. धाकट्यांचा वर्ग तीच घेते, आणि मावशी मागच्या बाकावर बसून ऐकते.