शेवटच्या पानासाठी

एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर मला दर रविवारी रद्दीच्या दुकानात भेटतात. जुन्या रहस्यकथांच्या फक्त पहिल्या आवृत्त्या ते गोळा करतात. पुस्तक हातात आलं की तिकिटं मोजावीत तशी अंगठ्यानं पानं मोजतात. एकदा एका पुस्तकाचं शेवटचं पान गायब निघालं.

"नव्या आवृत्तीतलं लावा की," मी म्हणालो.

"अवो, ते चालतंय व्हय?"

वर्षभर शोधून त्यांना चंदगडला एका आजींकडे तीच आवृत्ती सापडली. नवऱ्याची आठवण म्हणून आजी ती विकेनात. मग कंडक्टरांनी उंबऱ्यात बसून छपाईच्या चुकांसकट ते पान हातानं उतरवून घेतलं.

"एवढं हाय तरी काय त्यात?" आजींनी विचारलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

यांनी पहिलं पान उघडलं. सगळं पुस्तक वाचून दाखवून तिसऱ्या दिवशी ते कोल्हापूरला परतले.